ताईचं वर्तुळ

“आलेखावरून वर्तुळाचं समीकरण काढा,” मी प्रश्न वाचला. वसुंधराताईला दिसत नाही, म्हणून तिचा पेपर मी लिहीत होते. ती सांगणार, मी लिहिणार.

“केंद्र कुठंय गं, आणि त्रिज्या किती? तेवढं सांग, पुढचं माझं मला येतं.”

केंद्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी तोंड उघडलं, तोच पर्यवेक्षक मॅडम पुढे आल्या. “आकृतीतलं काही सांगायचं नाही. फक्त छापलेलं वाचायचं.”

“मॅडम, आकृतीसुद्धा छापलेलीच आहे ना!”

“नियम आहे, बाळा. माझ्या हातात नाही.”

ताईनं प्रश्नपत्रिका ओढून घेतली. वर्तुळ शोधत तिची बोटं कागदभर फिरली आणि नेमकी केंद्रावर थांबली.

“सगळं गुळगुळीतच,” ती म्हणाली. “पुढचा प्रश्न वाच.”