चंद्रहास कुठेही जाणार नाही

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावच्या हौशी बेसबॉल टीममध्ये चंद्रहास गेली कित्येक वर्षं खेळत होता. त्याच्या हातून कॅच हमखास सुटायचा, पण सुटला की तो स्वतःच इतका मनापासून हसायचा की प्रेक्षकांचा अगदी लाडका होऊन बसला होता.

यंदा कॅप्टन परेशने त्याला शेजारच्या ड्रोहेडा गावाच्या टीमला देऊन त्यांचा एक तरुण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, घ्यायचं ठरवलं. बातमी फुटली आणि रविवारी सगळे चाहते भर पावसात छत्र्या घेऊन मैदानात ठाण मांडून बसले.

"त्याच्याऐवजी आम्हाला पाठवा ड्रोहेडाला!" चाहत्यांमधल्या माधवीताई ओरडल्या. चंद्रहासच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी परेशने हात जोडले. "बरं बाबांनो, जिंकलात तुम्ही. चंद्रहास कुठेही जात नाही."

लोकांनी चंद्रहासला खांद्यावर उचलून घेतलं. परेशही टाळ्या वाजवत राहिला.



हात जोडण्याच्या जरा आधीच ड्रोहेडाच्या कॅप्टनचा फोन येऊन गेला होता, हे मात्र त्याने कुणालाही कळू दिलं नाही: "सॉरी यार, सौदा रद्द. 'चंद्रहास नको' म्हणून इकडे आमचे चाहतेही मैदानात बसलेत!"