काखेतली शिवण

"बहात्तर तास संपले. यांना आणखी महिनाभर ठेवायचं की घरी सोडायचं, ते आज ठरेल," मनोरुग्णालयाच्या समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या बाजूला वॉर्डचे डॉक्टर होते, समोर दादा. त्याची धाकटी बहीण, त्यांच्या शिवणकामाच्या दुकानातली खरी शिवणारी, भिंतीकडच्या खुर्चीत नर्सच्या नजरेखाली बसली होती. आल्या दिवशीच तिच्या केसांतली पिनसुद्धा काढून घेतली होती.

दादाने पिशवीतून चिंध्या काढून टेबलावर टाकल्या. "अग्निशमन दलाचे चाळीस कोट. दुसऱ्या दिवशी पोचवायचे होते. हिने ब्लेडने उसवून ठेवले. अडवायला गेलो तर माझ्यावरच उगारलं." मग त्याने एक घडीचा कोट पुढे सरकवला. "हा एवढा वाचला. बघा, आहे का कुठे खोट?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं, आणि प्रत्येक वेळी फायलीत 'संशयी' एवढंच चढलं होतं.

"मला आजार आहे. गोळ्या चुकवल्या, झोपले नाही, तेही खरं. ब्लेड उगारलं नाही, उसवताना हातात होतं. पण आजारी माणसाला शिवण कळत नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?" ती उठली. नर्सही उठली. "दादा, घाल तो कोट."

"इथे कसला तमाशा..."

"घाला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्याने घातला. अंगात अगदी झकास बसला. डॉक्टरांनी मान डोलावली.

"आता शिडी चढतोयस असं समज. वरची पायरी धर."

दादाने नाखुशीने हात वर केले. टर्रकन आवाज झाला. आधी डावी काख गेली, मग उजवी.

"घाईत यानं दुहेरीच्या जागी एकेरी टीप मारली," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस कोटांना. सांगितलं तर मी वेडी!"

हात खाली घ्यायचंही दादाला सुचलं नाही.

"यांना सुई-दोरा आणून द्या," अध्यक्षबाई नर्सला म्हणाल्या.

"पण वॉर्डचा नियम आहे, बाई."

"त्या आता वॉर्डात नाहीत." त्यांनी फाईल मिटली.

सुई आली. तिने एका झटक्यात दोरा ओवला, दुहेरी केला, गाठ मारली आणि भावाच्या उघड्या काखेशी सुई नेली.

"हलू नकोस दादा," ती म्हणाली. "टोचेल."