पाचव्यानंतर चौथं

"आता बघ, मामा. आता तो घरी परत येतो," ती म्हणाली.

टीव्हीवर यान जळत होतं. कप्तानाचा हात काचेवर टेकला, काच काळी झाली, हात घसरला. मग त्याची लहान मुलगी दिसली, खिडकीत उभी राहून आकाशाकडे बघणारी. आणि नावं सुरू झाली.

तिने रिमोट उचलला, चित्रपट दहा मिनिटं मागे नेला आणि पुन्हा पाहिला. यान, हात, काच, खिडकी, नावं.

"गोंधळ घातलाय डिस्क काढणाऱ्यांनी. स्वयंपाकघरात बसून मुलीला संत्रं सोलून देतो ना तो, ते आधीच दाखवून टाकलं. ते आगीनंतर आहे."

मामा काही बोलला नाही. पस्तीस वर्षं एकाच सिनेमागृहात ऑपरेटर म्हणून काढलेला माणूस. चित्रपटाचा विषय निघाला की त्याला गप्प करावं लागे.

दर वर्षी दोघं आपापले पाच आवडते जुने विज्ञानपट कागदावर लिहीत आणि त्यावरून भांडत. मामाच्या यादीत हिरव्या ढगांच्या ग्रहाचा तो चित्रपट हटकून असे, कारण त्याची प्रिंट कधी तुटली नव्हती. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. अवकाशाच्या निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येणारा चित्रपट तिच्या यादीत बसत नसे. अपवाद फक्त या कप्तानाच्या चित्रपटाचा, आणि तो कायम पहिला. या वर्षी यादी चित्रपट मंडळाच्या अंकात जायची होती, उद्याच. पहिल्या नावापुढे तिने लिहून ठेवलं होतं: 'कप्तान जळत्या यानातून घरी परततो. कसा, ते सांगत नाहीत. चित्रपटाचं मोठेपण त्यातच आहे.'

"तो मागच्या दाराने निसटला असणार, असं तू म्हणायचीस," मामा म्हणाला. "नववीत त्याचं गणितही मांडलं होतंस. दार उघडायला किती सेकंद, आग पोचायला किती. चार पानं."

"मग? बरोबर होतं ते."

"गणित बरोबर होतं गं. रीळ चुकलं होतं."

ती त्याच्याकडे वळली.

"सहा डबे यायचे या चित्रपटाचे. त्या खेपेला झाकणांवरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. मी चौथ्याच्या जागी पाचवं चढवलं. यान पेटलं तेव्हा कळलं. मध्येच थांबवलं असतं तर लोकांनी खुर्च्या फाडल्या असत्या. म्हणून पाचव्यानंतर चौथं लावून टाकलं. मेलेला कप्तान संत्रं सोलायला बसला."

"आणि कोणी काही बोललं नाही?"

"एक जण आला होता केबिनपर्यंत तणतणत. त्याला म्हटलं, साहेब, भविष्यकाळातली गोष्ट आहे, तिथे असंच असतं. 'अच्छा, असं होय,' म्हणाला आणि गेला."

तिला हसू फुटलं आणि अर्ध्यावर थांबलं. तिने टीव्हीकडे पाहिलं. तिच्या चित्रपटात कप्तान संत्रं खाऊन पुन्हा कामावर जायचा आणि मुलगी खिडकीतून त्याला निरोप द्यायची. खिडकी तीच होती, मुलगी तीच होती. पण ही निरोप देत नव्हती. ही वाट बघत होती.

"म्हणजे तो परत येतच नाही," ती म्हणाली.

"नाही येत."

तिने यादी पुढे ओढली आणि पहिल्या नावावर खोडरबर टेकवलं. मग तशीच थांबली.

वडील गेले त्या महिन्यात ती आठ वर्षांची होती. शाळा सुटली की आई तिला मामाच्या केबिनमध्ये सोडून कामावर जायची. दोन यंत्रांची घरघर, तापलेल्या दिव्याचा वास, उंच स्टूल. भिंतीतल्या हातभर खिडकीला नाक लावून तिने हा चित्रपट पाहिला होता. तोंडपाठ होईपर्यंत. त्यानंतर तो पुन्हा बघायला मिळाला तो आजच, या डिस्कवर.

"एक मिनिट, मामा. किती दिवस चालला हा?"

"आठवडाभर."

"मी रोज होते केबिनमध्ये."

"होतीस."

"आणि रोज तो आगीनंतर घरी यायचा. एक दिवसही चुकला नाही." नमुने तपासताना यायचा तसा तिचा आवाज झाला. "पहिल्या दिवशी चुकलं, समजलं. पण नंतर तरी डब्यांवर आकडे घातले असशील ना?"

"त्याच दिवशी घातले. लाल रंगाने, हे एवढे मोठे."

"मग?"

मामाने खुर्चीतले पाय खाली सोडले. पायांनीच तो चपला शोधू लागला.

"त्या दिवशी शो सुटला," तो म्हणाला, "आणि तू माझा जेवणाचा डबा ओढून घेतलास. कोणी न सांगता. पुसून खाल्लास सगळा. त्याआधी नऊ दिवस तुझी आई घास घेऊन तुझ्यामागे फिरत होती."