बुधवारची शिकवणी

साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. बढती मिळालेल्या माणसाला सहा महिने गुरू नेमून द्यायचा, अशी टूम त्या साली बाटल्यांच्या कारखान्यात निघाली. तपासणी विभागाची नवी प्रमुख पहिल्याच बुधवारी मुख्य कचेरीच्या दाराशी पोचली, ती पळून जायला काय निमित्त सांगावं याचा विचार करतच.

विभागातल्या बायका तिला ‘कुजबुज’ म्हणत. दिव्यासमोर बाटली धरून काचेतला बुडबुडा हेरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिचा आवाज शेजारच्या स्टुलापलीकडे पोचत नसे. सासूबाई घरी म्हणायच्या, "साहेबीण झालीस, पण आवाज अजून नव्या सुनेचाच!"

गुरूंचा अभिप्राय चांगला आला तर पद कायम. नाही तर परत स्टुलावर, त्याच बायकांच्या रांगेत. त्या रांगेत थोरली होती. ती सगळ्यांत जुनी. बढती आपलीच, असं तिने घरोघर सांगून ठेवलं होतं. आता ती कुजबुजचं एक अक्षर ऐकत नव्हती.

पर्सोनेल खात्यातल्या बाईंनी नियम समजावले होते. "नाव-हुद्दा विचारायचा नाही, म्हणजे मोकळेपणा राहतो. गुरू उपदेश करणार नाहीत. प्रश्न विचारतील, अडचणी मांडतील. त्यातून तुम्ही शिकायचं. दोन जोड्या आहेत, दोन खोल्या."

दारातल्या शिपाईमामांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "शिकायला आलात ना? मग इथेच, तळमजल्यावर, डाव्या हाताला. जा, वाट बघतायत."

आत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. तिला पाहताच ते चटकन उठून उभे राहिले. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी उठतो! हाच पहिला धडा, असं कुजबुजने मनाशी धरलं.

दोघं समोरासमोर बसली. मग गृहस्थांनी घसा खाकरला.

"एक माणूस आहे. कामात वाघ, पण माझं ऐकत नाही. चारचौघांत उलट उत्तर देतो. काय करावं?"

कुजबुज चाट पडली. ही तर थोरली, मिशा लावून उभी केलेली! किती खुबीने विचारलं!

"चारचौघांत काही बोलू नये," ती हळूच म्हणाली. "त्याच्या जागेवर जावं. तुम्ही हे कसं करता, मला दाखवा, म्हणावं. मान मिळाला नाही की माणूस आवाज चढवतो."

"वा! हे मला सुचलंच नसतं."

शिष्याला फुलवावं तर असं, तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने थोरलीशेजारी स्टूल ओढलं. "ताई, तळाची चीर तुम्हाला इतक्या चटकन कशी दिसते हो? नव्या मुलींना शिकवाल?"

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," थोरली म्हणाली. पण थोड्या वेळाने तिनेच बाटली पुढे केली. "इकडे बघ. आधी काच नाही, सावली बघायची."

त्यानंतरच्या बुधवारी कुजबुजने धीर करून विचारलं, "तुम्ही कधी घाबरला होता?"

"कधी काय? आज सकाळीच! वरिष्ठांसमोर उभा राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

पुन्हा परीक्षा. किती हुबेहूब रंगवतात!

"मी आधी सासूबाईंसमोर बोलून बघितलं असतं. तिथे निभावलं, तर वरिष्ठ कुठल्या झाडाचा पाला?"

गृहस्थ पोट धरून हसले. कुजबुजने मात्र घरी जाऊन खरंच तसं केलं.

"मोठ्याने!" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी बहिरी आहे असं समज."

"तुम्ही कुठे बहिऱ्या आहात?"

"म्हणून तर समज म्हणाले!"

असे बुधवार गेले. थोरली नव्या मुलींना हाताशी घेऊन शिकवू लागली, फुटक्या मालाच्या तक्रारी थांबल्या आणि कुजबुजचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत जाऊ लागला. शेवटच्या भेटीत तिने आभार मानले, तर गृहस्थांनीच हात जोडले. "आभार मी मानायचे. तुम्ही मला घडवलंत." केवढा हा विनय!

पर्सोनेलच्या बाईंनी अभिप्राय तोंडीच सांगितला. "पद कायम! गुरू म्हणाले, वय झालंय, पण शिकायची हौस दांडगी. समोरच्याला बोलू देत नाही, तरी आवाजात काय अधिकार!"

"वय झालंय? माझं?" चाळिशीही न गाठलेली कुजबुज म्हणाली.

"अहो बाई, चांगलं म्हणतायत ना? मग घ्या की पदरात पाडून."

पुढे तपासणी विभाग थोरलीकडे गेला, आणि तिच्या हाताखालच्या मुली तिला चळाचळा कापत, पण लग्नाचं आमंत्रण पहिलं तिलाच देत. सासूबाई शेवटी खरोखर बहिऱ्या झाल्या. सुनेचं तेवढं ऐकू येतं, म्हणायच्या. कुजबुज कारखान्याची व्यवस्थापक झाली. तिच्या मनात एकच सल राहिला. आपल्या गुरूंचं नाव तिला कधी कळलं नाही.

शिपाईमामा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या चहाला तिने त्यांना बाजूला घेतलं.

"मामा, तळमजल्यावर माझ्यासमोर बसायचे ते गुरू कोण हो? एकदा भेटायचं आहे."

"कोण गुरू?" मामा बुचकळ्यात पडले. "ते तर आपल्या पलीकडच्या गावातल्या काचेच्या भट्टीवरचे. धगीने केस लवकर पिकलेले. तुमच्यासारखेच शिकायला यायचे, आता तिथले मोठे साहेब झालेत. गुरू दोघं वर एकमेकांसमोर बसायचे, गादीच्या खुर्च्यांवर. म्हाताऱ्या साहेबलोकांना काय खाली लाकडी खुर्चीवर बसवायचं? पर्सोनेलच्या बाईंनी जोड्यांची सगळी सरमिसळ करून ठेवली होती, ती मीच नीट लावली."