आखडता हात

मुख्यमंत्री साहेब, गोळीबाराचा हुकूम तुम्ही दिलात. छप्पन्नच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या परळच्या मोर्चात आम्ही हातात हात धरून चाललो होतो. रांगेत तिसरा मी, चौथा माझा शेजारी भिवा. तो गोळी लागून पडला, मी घरी आलो. त्याच्या बायकोला, बकुळाला, सांगितलं, "पोलिसांनी माझ्या हातातून हिसकावून नेला."

बकुळा दर चौदा एप्रिलला, जयंतीला, निळ्या कागदाची माणसं करून दारावर लावते. कागदाला पंख्यासारख्या आठ घड्या घालायच्या आणि वरच्या घडीवर एकच माणूस कापायचा. उलगडलं की हातात हात धरलेली आठ माणसं.

गेल्या वर्षी तिसऱ्या-चौथ्याचे हात सुटलेले निघाले. मी खळीने चिकटवले. सकाळी पुन्हा सुटलेले.

"कात्री चुकली असेल," मी म्हणालो.

"चुकली असती तर सगळ्यांचेच सुटले असते की, भावजी. एकाच फटक्यात कापलेत."

यंदा तिने मला समोर बसवलं. "नीट बघा हां. नायतर म्हणाल, बाईला कात्री धरता येत नाय."

तिने कापून माळ उलगडली. चौथ्याचा हात लांब पसरलेला होता. तिसऱ्याने आपला हात छातीशी आखडून घेतला होता.

बकुळा कागदाकडे बघतच नव्हती. माझा हात कधी छातीशी गेला, मला कळलं नव्हतं.

साहेब, गोळी तुमच्या हुकमाने सुटली. माझा हात कुणाच्या हुकमाने सुटला? बोला.