काचेपलीकडचे बाबा

काचेपलीकडे दोन खुर्च्या, एक संगणक आणि एक स्टॉपवॉच होतं. काचेअलीकडे एकच खुर्ची, तिची. वेबसाइट बनवण्याच्या प्रगत प्रशिक्षणाची ही शेवटची परीक्षा होती. तिने बनवलेल्या पानावरून घरच्या एका माणसाने बारा मिनिटांत डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवायची, आणि तोवर तिने अवाक्षर काढायचं नाही. ते जमलं, तरच ती पास.

तिने बाबांना आणलं होतं.

बाबांनी चष्मा पुसला. पानावरची सगळी चित्रं दाबून पाहिली, डॉक्टरांच्या फोटोवर तर चारदा टिचकी मारली. वेळ घ्यायचं बटण त्यांच्या अगदी नाकासमोर होतं, पण फिकट राखाडी. तो रंग निवडायला तिला दोन दिवस लागले होते. आता काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

"काका, पान अवघड जातंय का?" शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

"छे हो! आमच्या चिमणीने केलंय, झकासच आहे. माझंच डोकं चालत नाही."

दहाव्या मिनिटाला त्यांच्या हातून पानच बंद झालं. बाबा कावरेबावरे झाले. "हे मी बिघडवलं बाई. तिचे मार्क नका हं कापू."

बारा मिनिटं संपली. बाईंनी त्यांच्यापुढे अभिप्रायाचा कागद सरकवला, मग खाली निकाल लिहिला.


काम: अपूर्ण. वापरणाऱ्याने पानाला दिलेले गुण: दहापैकी दहा.