झऱ्याचा नकाशा

“काल तुझा ब्लॉग सातशे जणांनी उघडला!” पेठच्या डोंगरातून परतून मी घरात शिरताच नवऱ्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. “सगळे त्या डोंगरातल्या झऱ्याचंच पान बघतायत. मी त्यात रस्त्याचा नकाशा टाकला ना, तेव्हापासून आकडे बघ कसे चढलेत!” “मला न विचारता टाकलास?” “लोक विचारत होते. चिडतेस काय?” मी रुमालात बांधून आणलेली बाटलीची रक्ताळलेली काच कीबोर्डवर आपटली. “झऱ्यावर पाणी भरताना तिथल्या भागीबाईच्या टाचेत घुसली ही. तुझे सातशे तिथे बिअरच्या बाटल्या गार करायला जातात!” “मग तिने हाकलायचं ना त्यांना!” मी तिला हेच विचारलं होतं. ज्या बाईने गेल्या उन्हाळ्यात मला त्या झऱ्याचं पाणी पाजलं, ती आज लंगडत भाकरी वाढताना म्हणाली, “सगळे तुझं नाव सांगतात, बाई. तुझी माणसं म्हणून मी काय बोलले नाय.”